लहान जखम चिघळते आहे, हे कसे ओळखावे?

दैनंदिन जीवनात लहानसहान जखमा कोणाला चुकल्या आहेत? भाजी चिरताना विळीवर बोट कापते, दाढी करताना ब्लेड लागते, मैदानावर पडून मुलाचा गुडघा फुटतो, कारखान्यात पत्र्याची धार तळहाताला लागते, शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा टाचेत मोडतो. अशा जखमांपैकी बहुतेक जखमा आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येतात आणि आपण त्या विसरूनही जातो. त्यामुळेच "कशाला एवढे? नुसते खरचटले आहे," असे म्हणण्याची आपणा सर्वांना सवय जडली आहे. परंतु काही थोड्या जखमा भरून न येता चिघळतात. ते वेळेवर लक्षात आले तर साध्या उपचाराने भागते. लक्षात आले नाही तर बोट, पाऊल आणि क्वचित प्रसंगी प्राणही गमवावे लागतात.

सभासद बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, प्रस्तुत लेखात आपण तीन प्रश्नांचा विचार करणार आहोत. जखम नीट भरते आहे की चिघळते आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? किती दिवस वाट पाहावी? आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे केव्हा जावे? या लेखातील माहिती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांकडे योग्य वेळी पोहोचता यावे, एवढाच तिचा हेतू आहे.

एक घरचा अनुभव

हा विषय निवडण्यामागे एक कारण आहे. माझ्या वडिलांना मधुमेह होता. एके दिवशी पडवीतला जुना पत्रा हलवताना तो त्यांच्या उजव्या पायाच्या बोटाला लागला. जखम जेमतेम अर्ध्या इंचाची. आईने हळद दाबली, जुन्या धोतराची चिंधी बांधली आणि विषय संपला. पुढे आम्ही भावंडे रोज विचारत असू, "बाबा, पाय कसा आहे?" ते म्हणत, "काही दुखत नाही रे." आमचे समाधान होई. नवव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. चिंधी सोडली तेव्हा घाण वास आला. बोट काळेनिळे पडले होते आणि सूज पावलाच्या वरपर्यंत चढली होती. रुग्णालयात ते बोट काढावे लागले. तेथील डॉक्टरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "ही पट्टी शेवटची कधी सोडून पाहिली होती?" आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते.

आम्ही रोज विचारत होतो, पण पाहत नव्हतो. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची संवेदना कमी झाली होती. त्यामुळे "दुखत नाही" हे त्यांचे म्हणणे खरेच होते. आम्ही मात्र त्याचा अर्थ "जखम बरी होत आहे" असा घेतला. या लेखातील सर्व गोष्टी विसरल्या तरी एक लक्षात ठेवावी. लहान जखम रोज एकदा उघडून, चांगल्या उजेडात, डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

लहान जखमेतून मोठे संकट

लहान जखमेतून जीव जाऊ शकतो, हे वैद्यकाच्या इतिहासातही नमूद आहे. १८४७ साली व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात याकोब कोलेच्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदन करीत होते. त्यावेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी चुकून त्यांच्या बोटाला लागली. जखम किरकोळ होती, पण संसर्ग शरीरभर पसरला आणि काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे सहकारी डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. बाळंतज्वराने मरण पावणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जे बदल दिसत, तेच येथेही होते. डॉक्टरांच्या हातांवरून काहीतरी घातक द्रव्य जात असले पाहिजे, असे अनुमान काढून त्यांनी मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल महिन्यात त्या विभागात शंभरातील सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जून महिन्यात हे प्रमाण सुमारे २ वर आले. जंतूंविषयीचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता, तरी हात धुण्याचा गुण दिसला.

दुसरे उदाहरण १९४१ सालचे आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाच्या चेहऱ्यावरील जखमेपासून सुरू झालेला संसर्ग डोळे आणि फुप्फुसांपर्यंत गेला होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याला त्या काळी अगदी नवे असलेले पेनिसिलीन देण्यात आले. त्याची प्रकृती झपाट्याने सुधारू लागली. परंतु औषधाचा साठाच अपुरा होता. रुग्णाच्या लघवीतून औषध पुन्हा गाळून काढून देण्यापर्यंत प्रयत्न झाले. अखेर साठा संपला, संसर्ग उलटला आणि पुढच्या महिन्यात तो दगावला. आज आपल्याकडे औषधांची तशी टंचाई नाही. आपल्याकडे उशीर होतो तो ओळखण्यात.

भरून येणारी जखम कशी दिसते?

बिघाड ओळखायचा असेल तर प्रथम निरोगी क्रम माहीत असावा लागतो. त्वचा हे शरीराचे कवच आहे. तिच्यावर एरवीही असंख्य जंतू असतात, पण कवच शाबूत असेपर्यंत ते आत शिरत नाहीत. कापले की त्यांना वाट मिळते. त्याच क्षणी शरीर आपले काम सुरू करते. ते काम साधारणपणे पुढील क्रमाने चालते.

पहिला टप्पा रक्त थांबण्याचा. स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरले असता लहान जखमेतील रक्त बहुधा पाच-दहा मिनिटांत थांबते.

दुसरा टप्पा पहिल्या दोन-तीन दिवसांचा. जखमेकडे जास्त रक्त येते आणि त्याबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात. त्यामुळे कडेला किंचित लाली, थोडी सूज, हलकी ऊब आणि हात लावल्यास दुखणे, हे सर्व असणारच. जखमेतून पातळ, पारदर्शक किंवा फिकट पिवळसर लस येते. ती पू नव्हे.

तिसरा टप्पा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनचा. लाली आणि सूज उतरू लागतात, लस आटते, खपली धरते किंवा तळाशी गुलाबी, बारीक दाणेदार नवे मांस दिसते. तळाशी पातळ पिवळट साय दिसली आणि बाकी सर्व ठीक असले, तर घाबरू नये. या काळात खाज सुटते, तीही भरून येण्याचाच भाग होय.

चौथा टप्पा आठवड्यानंतरचा. साधी चीर सात ते दहा दिवसांत मिटते. वण मात्र पुढे कित्येक महिने हळूहळू फिकट होत जातो.

मुख्य कसोटी : उतरते आहे की वाढते आहे?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची चार लक्षणे सांगितली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आजही विद्यार्थ्यांना हीच चार लक्षणे शिकवली जातात. येथे सामान्य माणसाचा गोंधळ होतो, कारण ही चारही लक्षणे भरून येणाऱ्या जखमेत असतात आणि चिघळणाऱ्या जखमेतही असतात. मग फरक कसा करावा?

फरक दिशेचा आहे. निरोगी जखमेत ही लक्षणे पहिल्या दोन-तीन दिवसांत असतात आणि नंतर रोज थोडीथोडी कमी होतात. चिघळणाऱ्या जखमेत ती कमी न होता वाढतात, किंवा एकदा कमी होऊन पुन्हा उसळतात. बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास हे स्पष्ट होते. काही जंतू मात्र चोवीस तासांच्या आतही जोर करतात. म्हणून एका दिवसाच्या पाहण्यावरून निष्कर्ष काढू नये. आजची जखम कालच्या जखमेशी ताडून पाहावी. ती पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) लाली : जखमेच्या कडेने अरुंद पट्ट्यात असलेली लाली साधी. ती बाहेर पसरू लागली तर संशय घ्यावा. यासाठी एक सोपी युक्ती आहे. लाली जिथे संपते तिथे बॉलपेनने हलकी रेघ काढावी आणि शेजारी वेळ लिहावी. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर संसर्ग पसरतो आहे असे समजावे. रोज त्याच उजेडात मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तरी चालते. डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

२) त्वचेचा रंग : पुस्तकांतील "लाली" हे वर्णन पुष्कळदा गोऱ्या त्वचेवरून केलेले असते. आपल्यापैकी अनेकांची त्वचा सावळी किंवा काळी आहे. तिच्यावर लाली उठून दिसत नाही. तेथे भोवतालची त्वचा अधिक गडद, जांभळट किंवा तांबूस-तपकिरी दिसते, ताणल्यासारखी चकाकते, हाताला टणक लागते. म्हणून सावळ्या त्वचेवर रंगापेक्षा स्पर्शावर अधिक भिस्त ठेवावी.

३) उष्णता : हाताची मागची बाजू जखमेशेजारी ठेवावी आणि मग दुसऱ्या हाताच्या किंवा पायाच्या त्याच जागी ठेवावी. तिसऱ्या दिवसानंतरही जखमेची बाजू स्पष्टपणे गरम लागत असेल तर ते चांगले लक्षण नव्हे.

४) सूज : बोटाला जखम असेल तर अंगठी सैल आहे की घट्ट, पायाला असेल तर चप्पल नेहमीसारखी बसते का, हे पाहावे. वाढत जाणारी सूज, किंवा दाबल्यावर आत द्रव हलल्यासारखे वाटणे, म्हणजे आत पू साठत असल्याची शक्यता असते.

५) वेदना : साध्या जखमेचे दुखणे हात लावल्यावर जाणवते आणि दिवसेंदिवस कमी होते. ठणका लागणे, म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर आत घण पडल्यासारखे दुखणे, रात्री झोप न येणे, बोट वाकवताना कळ जाणे, ही चिघळण्याची लक्षणे होत.

६) पू आणि वास : घट्ट, गढूळ, पांढरा, पिवळा किंवा हिरवट स्राव आणि दुर्गंधी यांचा अर्थ सांगायला नको. मात्र पू दिसला नाही म्हणजे संसर्ग नाही, असे मानू नये. त्वचेखाली पसरणाऱ्या काही संसर्गांत पू होतच नाही.

७) न भरणे : आठ-दहा दिवस झाले तरी जखम तशीच ओली राहते, कडा पुन्हा उकलतात, किंवा खपलीखालून वारंवार लस येते, तर काहीतरी अडले आहे असे समजावे. आत काट्याचे टोक, काचेचा कण किंवा माती राहिली असण्याची शक्यता असते.

जखमेबाहेर दिसणारी धोक्याची चिन्हे

आतापर्यंतची लक्षणे जखमेच्या आसपासची होती. संसर्ग तेथून पुढे सरकला की शरीर इतर ठिकाणी खुणा दाखवते. पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

- जखमेपासून वर, म्हणजे हातावर काखेकडे किंवा पायावर जांघेकडे, जाणारी लाल किंवा गडद रेघ.
- काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ. आपल्याकडे याला "अवधाण आले" असे म्हणतात. पायाला ठेच लागून जांघेत अवधाण आल्याचे जुन्या माणसांना चांगले माहीत आहे. जंतू रसवाहिन्यांतून वर सरकले आणि तेथील ग्रंथी त्यांना अडवीत आहेत, असा त्याचा अर्थ आहे.
- १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त ताप.
- जखम सांध्यावर असून सांधा हलवणे कठीण होणे, किंवा जखम डोळ्याजवळ असून पापणी सुजणे.

आणखी काही चिन्हे अशी आहेत की तेव्हा सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. हुडहुडी भरणे, श्वास जलद चालणे, छाती धडधडणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे, अतिशय गळून जाणे, लघवी फार कमी होणे, ही संसर्ग रक्तात भिनल्याची चिन्हे असू शकतात. तसेच जखम दिसायला लहान पण वेदना सहन होणार नाही इतकी, त्वचेवर काळपट डाग किंवा फोड, आणि तासातासाला वाढणारी सूज, हेही अत्यंत गंभीर होय. अशा वेळी सरळ मोठ्या रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते.

अधिक काळजी कोणी घ्यावी?

मधुमेही व्यक्तींनी सर्वांत जास्त. रक्तातील साखर वाढलेली असली की जंतूंशी लढण्याची शक्ती कमी होते आणि पायाची संवेदना गेल्यामुळे वेदनेचा इशारा मिळत नाही. त्यांनी रोज रात्री दोन्ही पावले, बोटांच्या बेचक्या आणि टाचा पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातील मुलांना पाहण्यास सांगावे. मधुमेह्याच्या पायाची कोणतीही जखम "किरकोळ" समजू नये, पहिल्याच दिवशी दाखवावी. कुष्ठरोगामुळे हातापायांची संवेदना गेलेल्या व्यक्तींनाही हाच नियम लागू आहे. याशिवाय तान्ही मुले, वयोवृद्ध, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइडची औषधे घेणारे, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे जुने विकार असलेले आणि पायांचा रक्तपुरवठा कमी झालेले, यांनी दोन दिवस वाट पाहण्याचा धोका पत्करू नये.

पहिल्या दिवशी काय करावे?

ओळखण्याइतकेच टाळणेही महत्त्वाचे आहे. त्याचा खर्च जवळजवळ काहीच नाही.

प्रथम स्वतःचे हात साबणाने धुवावेत. रक्त येत असेल तर स्वच्छ कपड्याने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मधूनमधून उघडून पाहू नये. नंतर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच-दहा मिनिटे धुवावी. पिण्यायोग्य पाणी यासाठी पुरेसे आहे. साबण जखमेच्या भोवताली लावावा. वर दिसणारी माती, खडे हळुवार काढावेत. खोल रुतलेली वस्तू मात्र ओढू नये. मग स्वच्छ गॉज किंवा धुऊन उन्हात वाळवलेले सुती कापड बांधावे. पट्टी रोज बदलावी, आणि ओली किंवा मळकी झाली तर लगेच बदलावी. बदलताना जखम पाहावी.

जखमेचे ओठ उघडे राहत असतील, आतील पिवळी चरबी दिसत असेल, रक्त थांबत नसेल, जखम चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, बोट बधिर झाले असेल किंवा वाकत नसेल, तर टाके घालण्यासाठी काही तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे. कुत्रा, मांजर, माकड यांनी चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीज प्रतिबंधक लशीसाठी रुग्णालय गाठावे. तेथे चिघळण्याची लक्षणे पाहत बसू नये.

काही प्रचलित गैरसमज

"हळद लावली की झाले." हळदीत औषधी गुण असल्याचे प्रयोगशाळेत दिसले असले, तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय हळदीच्या पिवळ्या थराखाली लाली आणि पू दोन्ही झाकले जातात, त्यामुळे जखम पाहताच येत नाही. आमच्या घरी हेच झाले. तंबाखू, चुना, कॉफीची पूड, माती, शेण हे तर मुळीच लावू नये. माती आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

"जखम उघडी ठेवा, हवा लागली की लवकर सुकते." १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत झाकलेली, किंचित ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरून आल्याचे दाखवले. तेव्हापासून स्वच्छ पट्टीने झाकण्याची पद्धत रूढ झाली आहे.

"झोंबले म्हणजे औषध लागू पडले." स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न मिसळलेले जंतुनाशक द्रावण जखमेत ओतल्यास जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. धुण्याचे काम पाण्यावर सोपवावे.

"टीटीचे इंजेक्शन घेतले, आता पिकणार नाही." हा गैरसमज फार सर्वत्र आढळतो. ते इंजेक्शन फक्त धनुर्वातापासून संरक्षण देते. जखम पिकवणाऱ्या इतर जंतूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. इंजेक्शन घेतले तरी जखम रोज पाहिलीच पाहिजे.

"दुकानातून दोन गोळ्या आणून घेऊ." साध्या, स्वच्छ जखमेला प्रतिजैविकांची गरज नसते. विनाकारण किंवा अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. जखमा पिकवणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू असाच अनेक औषधांना निर्ढावला आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर सांगितले तितके दिवस घ्याव्यात. पूर्वीच्या आजारातील उरलेल्या गोळ्या वापरू नयेत.

डोळ्यांना न दिसणारा धोका : धनुर्वात

शेवटी एक अपवाद सांगितला पाहिजे. धनुर्वाताच्या बाबतीत जखम पाहून काहीच कळत नाही. जखम स्वच्छ दिसते, कधीकधी भरूनही आलेली असते. साधारण तीन ते एकवीस दिवसांनी जबडा आखडू लागतो, मग मान आणि पाठ ताठ होते. म्हणून येथे लस हाच उपाय आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तान्हेपणी तीन मात्रा, दीड वर्षाच्या सुमारास व पाच-सहा वर्षांच्या वयात बूस्टर आणि १० व १६ व्या वर्षी मात्रा दिली जाते. पूर्वीच्या टीटीऐवजी आता धनुर्वात व घटसर्प या दोहोंवर उपयोगी असणारी टीडी लस वापरतात. लसीकरण पूर्ण झालेल्या व्यक्तीला सामान्यतः दर दहा वर्षांनी, आणि मळलेली किंवा खोल जखम झाल्यास शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील तर, पुन्हा मात्रा द्यावी लागते. शेवटची मात्रा कधी घेतली, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? घरातील प्रत्येकाच्या नावापुढे ती तारीख एका वहीत लिहून ठेवावी.

सारांश

जखम धुवावी, झाकावी आणि रोज पाहावी. लाली, सूज, उष्णता, वेदना उतरत असतील तर शरीर आपले काम करीत आहे, त्याला करू द्यावे. त्या वाढत असतील, पू किंवा वास येत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. रेघ, अवधाण किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जावे. थंडी भरून शुद्ध हरपू लागली तर त्याच क्षणी निघावे. मधुमेही माणसाच्या "दुखत नाही" या शब्दावर विसंबू नये.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१) लस आणि पू यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२) दाहाची चार लक्षणे कोणती? ती निरोगी जखमेतही असतात, मग संसर्ग कसा ओळखाल?
३) सावळ्या त्वचेवर लाली दिसत नसेल तर कोणत्या खुणा तपासाल?
४) टीटी किंवा टीडीचे इंजेक्शन घेतल्यावरही जखम रोज का पाहावी?
५) आपल्या घरातील प्रत्येक व्यक्तीने धनुर्वाताची शेवटची मात्रा कधी घेतली, याची यादी तयार करा.
६) घरात किंवा शेजारी मधुमेही व्यक्ती असल्यास, त्यांची परवानगी घेऊन, आज रात्री त्यांचे दोन्ही तळवे पाहा.

शेवटचा प्रश्न गुणांसाठी नाही. हा लेख वाचून एका जरी घरातील पट्टी आज सोडून पाहिली गेली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.